आगोर आणि खेळी

कुत्र्याला घेऊन थरच्या वाळवंटात कामाला जाऊ नकोस, असं सांगणाऱ्या सगळ्यांचा मुद्दा पाण्याचा होता, आणि तो बिनतोड होता. १८ किलोच्या कुत्रीला एरवी दिवसाला लिटरभर पाणी पुरतं. चालणं वाढलं, ऊन चढलं की दीड-दोन लिटर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा अंग थंड ठेवायचा मुख्य मार्ग, आणि प्रत्येक धापेबरोबर अंगातलं पाणी जातं. पण मी निघाले होते तीच मुळी पाण्याच्या कामाला. जुन्या बांधकामांची मापं घेऊन त्यांचे नकाशे काढणं हा माझा व्यवसाय. या वेळी जैसलमेर, बाडमेर आणि फलोदीकडच्या गावांतले टांके, बेऱ्या आणि नाड्या, म्हणजे गावतळी, मोजायच्या होत्या, कुठे काय ढासळलंय ते नोंदवायचं होतं. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. तेवढ्यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुरंढोरं राखून राहिली. त्यांच्याकडे एका कुत्रीपुरतं पाणी नसेल, हे माझ्या मनाला पटेना. चिंगीला, माझ्या कुत्रीला, घरी सोडून महिनोन्‌महिने बाहेर राहणं तर त्याहून पटत नव्हतं.

गाडी म्हणजे साधी मारुती ईको. मागची आसनं काढून तिथे फळ्यांचा पलंग बसवला. फळी उचलली की खाली पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, गॅसची छोटी शेगडी, पिठाचे डबे, मोजणीची पेटी. टपावर सौर पत्रा, त्यावर एक बॅटरी, एक पंखा, एक दिवा आणि लॅपटॉप. छताला आतून उष्णतारोधक पत्रे चिकटवले होते. पुढच्या काचेला बाहेरून लावायचा पांढऱ्या कापडाचा पडदा शिवून घेतला. हा पडदा आतून लावला तर काच तापते आणि ती धग आतच राहते. बाहेरून लावला तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. चिंगीची जागा पलंगाच्या खाली, दाराशी. तिथून तिला बाहेरचं सगळं दिसायचं, आणि रात्री माझा हात खाली सोडला की तिच्या पाठीवर पडायचा.

ही गाडी चार चाकांनी ओढणारी नाही. जोर मागच्या चाकांवर. त्यामुळे धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, चढण्याचा प्रश्नच नव्हता. पण ढाणीकडे, म्हणजे रानातल्या छोट्या वस्तीकडे, जाणारी वाट कुठे ना कुठे वाळूखाली गेलेली असतेच. तिथे चाकांतली हवा तीसवरून अठरावर आणायची, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगात जायचं, मध्ये ब्रेक मारायचा नाही आणि चाक एकदम वळवायचं नाही. कडक जमीन लागली की बॅटरीवरच्या पंपाने पुन्हा हवा भरायची. हवा भरायला लागणारा वेळ चिंगीचा. ती खाली उतरून गाडीच्या सावलीत वाळू उकरायची. दोन वीत खाली वाळू गार असते. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

उतरली की मात्र भरुट. या गवताला बारीक काटेरी बोंडं येतात आणि सुगीनंतर ती वाळूवर सगळीकडे विखुरलेली असतात. माणसाच्या कपड्यांना चिकटतात ती झटकता येतात. कुत्र्याच्या बोटांमध्ये शिरली की प्रत्येक पावलागणिक आणखी आत जातात. कुत्रं दातांनी ओढू बघतं, मग ती जिभेला आणि हिरड्यांना टोचतात. चिंगी तीन पायांवर उभी राहून चौथा माझ्याकडे करायची. मग तिला मांडीवर आडवं घ्यायचं, पंजा दाबून बोटं फाकवायची, आधी खोबरेल तेलाचा थेंब सोडायचा आणि चिमट्याने काटा सरळ वर उचलायचा. तिरका ओढला तर कुसळ आतच मोडतं. कुत्र्यांसाठी मिळणारे बूट मी नेले होते. त्यांत वाळू शिरते, आत घासते आणि कातडी सोलवटते. ते पेटीत पडून राहिले. बोटांमधले केस अगदी आखूड कातरणं आणि रोज संध्याकाळी चारही पंजे तपासणं, एवढाच उपाय लागू पडला. भरुटाला नावं ठेवावीत अशी इच्छा होते, पण दुष्काळात याच बोंडांतले दाणे काढून लोकांनी भाकऱ्या केल्या आहेत. ते ऐकल्यापासून मी त्याच्याबद्दल वाईट बोलणं सोडलं.

ढाणीत शिरण्याची एक पद्धत हळूहळू बसत गेली. प्रत्येक ढाणीला तिची कुत्री असतात आणि परक्या कुत्र्याला ती वेशीवरच अडवतात. त्यामुळे गाडी लांब उभी करायची, चिंगीला आत ठेवून काचा अर्ध्या खाली करायच्या आणि एकटीने चालत जायचं. सकाळच्या गारव्यात तेवढा वेळ गाडी तापत नाही. ऊन वर आल्यावर मी हे कधीच करत नसे. पहिला प्रश्न ठरलेला असायचा: बाईसा, एकट्याच? नाही, कुत्री आहे सोबत, असं म्हटलं की बोलण्याचा सूर पालटायचा. किती वर्षांची, काय खाते, चावते का, रात्री जागते का. म्हाताऱ्या बाया तर गाडीपर्यंत येऊन बघायच्या. एकटी बाई, हातात कागद, मोजमाप करतेय, म्हणजे सरकारी असणार आणि काहीतरी काढून घ्यायला आली असणार, हा संशय मी आधीच्या कामांमध्ये बराच झेलला होता. जी आपल्या कुत्रीच्या पायातला काटा काढत बसते ती जमीन हडपायला आलेली नसावी, असं त्यांना वाटत असेल. कारण काहीही असो, चहा लवकर यायचा. आणि चिंगीला सोगरा. बाजरीची ही जाड भाकरी ताकात कुस्करून द्यायचे. मी माणदेशात बाजरीवर वाढलेली. चुलीवरच्या त्या वासाने मला परकं असं कधी वाटलंच नाही.

आता टांक्याचं. टांका म्हणजे जमिनीखालचं बांधीव, वरून झाकलेलं टाकं, आणि त्याच्या भोवतीची उतरती, चोपून सारवलेली जमीन म्हणजे आगोर. पाऊस आगोरावर पडतो, उताराने मध्यभागी येतो आणि झरोक्यांतून टांक्यात उतरतो. हिशेब सोपा आहे. ५०० चौरस मीटरच्या आगोरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ५० हजार लिटर होतं. निम्मं मुरलं, उडून गेलं, तरी २५ हजार लिटर पिण्याजोगं पाणी सावलीत, झाकणाखाली उरतं. सगळी मदार आगोर स्वच्छ असण्यावर. म्हणून आगोरावर चपला घालून जायचं नाही, थुंकायचं नाही, गुरं येऊ द्यायची नाहीत. काही ठिकाणी भोवती काट्यांची बाड घालतात. बऱ्याच ठिकाणी ती नसते, नुसता रिवाज असतो आणि तो बाडेपेक्षा मजबूत असतो.

कुत्र्याच्या बाबतीत तर विचारायलाच नको. चिंगीला आगोराच्या कडेपासून चांगली लांब, एखाद्या केर नावाच्या झुडपाला बांधून ठेवावं लागायचं. मी अनवाणी आत जाऊन फीत आणि ओळंबा धरायची, आणि ती तिकडून मान वर करून बघत बसायची. एका गावात पोरांनी तिला प्रेमाने सोडवलं आणि ती धावत माझ्याकडे निघाली, तर आगोराच्या बाहेर बसलेल्या एका आजोबांनी काठी आडवी धरून तिला थांबवलं. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. गळ्यातल्या पट्ट्याला धरून तिला परत झुडपाशी नेलं आणि तिथे तिच्याजवळच बसून राहिले. मग त्यांनीच नातवाला हाक मारून तिच्यासाठी पाणी मागवलं. ज्या पाण्याच्या वाटेवर तिचं पाऊल पडू द्यायचं नाही, तेच पाणी तिला आधी द्यायचं. या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या विरोधात नाहीत. एकीमुळेच दुसरी परवडते.

बेरी ही याहून नाजूक. थरच्या काही पट्ट्यांत वाळूखाली खडूच्या किंवा जिप्समच्या दगडाचा थर आडवा पसरलेला आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, पण या थरामुळे खोलवरच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही; वाळूच्या कणांना ओलावा बनून चिकटून राहतं. बेरी किंवा कुई म्हणजे त्या ओलाव्यापर्यंत उतरलेली अरुंद विहीर. तोंड लहान, म्हणजे वाफ कमी आणि झाकायला सोपं. जिथे दगड मिळत नाही तिथे खींप नावाच्या झुडपाचा जाड दोर वळून त्याची वेटोळी आतून एकावर एक रचतात, म्हणजे वाळू ढासळत नाही. खणणारा खाली गुदमरू नये म्हणून वरचे लोक मूठमूठ वाळू जोराने खाली फेकतात. वाळूबरोबर ताजी हवा खाली जाते. अनुपम मिश्र यांनी १९९५ साली आलेल्या 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात हे सगळं तपशिलाने नोंदवलं आहे. माझ्या पेटीत ते पुस्तक कायम असतं. त्यातलं रेखाटन आणि डोळ्यांपुढची बेरी ताडून बघण्यात मला होणारा आनंद आजही कमी झालेला नाही.

जैसलमेर जिल्ह्यातल्या रामगडच्या बाजूला एका बेरीवर सकाळी पोचले तेव्हा एक बाई पाणी शेंदत होती. इतक्या अरुंद विहिरीत बादली चालत नाही; छोटं चडस लागतं, पातळ चामड्याचं किंवा हल्ली ट्यूबच्या रबराचं. ते थोड्या पाण्यातही नीट बुडून भरतं. रात्रभर पाझरून जमलेलं पाणी, ते काढून झालं की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. दोन-तीन घागरींची ती मिळकत. तिने पहिली घागर भरली, मग चडस पुन्हा सोडलं, आणि ते वर आल्यावर घागरीकडे न वळता कट्ट्याला लागून असलेल्या दगडी डोणीत रिकामं केलं. चिंगीकडे हनुवटीने खूण केली. माझ्याकडे पाणी होतं, मी तसं म्हटलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तुझं पाणी तुझ्याजवळ असू दे, इथे आलेल्याने इथलं प्यायचं, अशा अर्थाचं काहीतरी ती मारवाडीत म्हणाली आणि दुसऱ्या घागरीला लागली. चिंगीचं पिऊन झाल्यावर एक चंडोल डोणीच्या काठावर उतरला. त्याच्यासाठी काठाशी पाणी उथळ राहील असा उतार दगडात कोरलेला होता.

तो उतार मी मोजला. माझ्याकडच्या मोजणीच्या तक्त्यात त्यासाठी जागा नव्हती. तक्ता होता तो असा: तोंडाचा व्यास, खोली, अस्तर, आगोराचं क्षेत्रफळ, पाण्याची क्षमता, किती कुटुंबं वापरतात. सगळी माणसांची बाजू. चिंगीला घेऊन मी रोज पाण्याच्या दुसऱ्या टोकाशी थांबत होते, म्हणजे खेळीशी, जनावरांच्या हौदाशी. माणूस कट्ट्यावर चढून पाणी काढतो. जनावर कट्ट्याखाली उभं राहून पितं. तिच्यामुळे मी कट्ट्याखाली उभी राहिले. मग दिसायला लागलं की जिथे मेंढ्या येतात तिथे खेळी बुटकी आणि लांब, जिथे उंट येतात तिथे उंच आणि खोल. काही ठिकाणी एकाच खेळीचे दोन टप्पे, वरच्यातलं ओसंडलेलं पाणी खालच्यात. सगळ्यात खाली, जमिनीलगत, कुंडीएवढा खड्डा असतो तो कुत्र्यांचा आणि पाखरांचा. शेंदणाऱ्याच्या पायाशी सांडलेलं पाणीसुद्धा पन्हळीतून तिथे जातं. जनावरांचं पाणी हे माणसाच्या पाण्यातून उरलेलं नाही. बांधतानाच त्याचं माप धरलेलं आहे. तेव्हापासून प्रत्येक नकाशात मी खेळीचा उभा छेद काढू लागले.

कुत्र्याला घेऊन जाऊ नये अशा जागाही थरमध्ये आहेत, आणि त्याबद्दल मला ठामपणे सांगायचं आहे, कारण सोबत प्राणी घेऊन फिरणाऱ्यांना ते ऐकायला आवडत नाही. माळढोक जमिनीवर उघड्यावर अंडं घालतो, बहुधा एकच. मोकळ्या निसर्गात हे पक्षी आता जेमतेम दीडशे उरलेत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या गवताळ पट्ट्यांत. विजेच्या तारांना धडकून ते मरतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मोकाट कुत्रीही अंडी आणि पिल्लं खातात, हेही तितकंच खरं. राष्ट्रीय मरू उद्यानाच्या हद्दीतल्या गावांची मोजणी माझ्या यादीत होती. ती मी दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवली. चिंगीला दोरीला बांधून ठेवता येतं, पण तिचा वास, तिचं भुंकणं बांधता येत नाही. ओरणांमध्ये, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांत, जिथे लोक वाळकी काटकीसुद्धा तोडत नाहीत, तिथेही मी गाडी बाहेरच लावत असे. बिश्नोईंच्या गावांत चिंकारा घराच्या अंगणापर्यंत येतात. झाडांसाठी १७३० साली खेजडलीत ३६३ माणसांनी प्राण दिले त्या समाजाचं हे अंगण; तिथे कुत्रा मोकळा सोडणं हा उद्धटपणाच. फलोदीजवळच्या खीचनला कुरजांना, म्हणजे करकोच्यांना, दाणे टाकण्याचं आवार जाळीने बंदिस्त केलेलं आहे, कुत्री आत येऊ नयेत म्हणूनच. तिथे मी पहाटे एकटी गेले आणि चिंगी गावातल्या एका घराच्या ओसरीवर थांबली.

रात्री ती माझी पहारेकरी असते असं लोकांना वाटतं. तसं ती असतेही, पण मला तिच्या कानांचा उपयोग वेगळाच झाला. लांबून येणारी जीप, उंटांच्या गळ्यातल्या घंटा, खोकडाची हाक, यांना तिचे कान वेगवेगळे वळतात. सीमेकडच्या भागात सुरक्षा दलाची गस्त रात्री येऊन ओळखपत्र बघते. जीप थांबायच्या आधी मी उठून दिवा लावून बसलेली असायची. तिकडच्या काही भागांत जायला परवानगी लागते आणि तिची प्रत काचेलाच लावलेली बरी. हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या आसपास येतो. दोन जिवांच्या श्वासाने पत्र्याला आतून दव धरतं आणि पहाटे गादी ओली लागते, म्हणून कितीही थंडी असली तरी दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवायच्या. जमिनीवर झोपू नका असं प्रत्येक ढाणीत बजावतात. पीवणा नावाचा साप झोपलेल्या माणसाचा श्वास पितो, अशी तिथली समजूत. हा साप मण्यारीच्या जातीचा. त्याचा दंश जवळजवळ दुखत नाही, म्हणून सकाळी काहीच खूण न दिसता माणूस गेलेला सापडतो. समजुतीमागचा अनुभव खरा आहे. फेब्रुवारी सरत आला की वाळूवर फुरशाच्या तिरक्या रेघा दिसायला लागतात, आणि तिथून पुढे चिंगी पहाटे बाहेर पडण्याआधी बॅटरीच्या उजेडात गाडीभोवती एक फेरी मी मारायची.

मार्चमध्ये काम आवरतं घ्यावंच लागतं. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघायची. तेवढा वेळ ठेववत नसेल तर कुत्र्याचा पाय तिथे पडता कामा नये. सकाळी दहालाच हात उचलावा लागायला लागला तेव्हा मी नोंदी गुंडाळायला घेतल्या. २०१६ च्या मे महिन्यात फलोदीत ५१ अंश नोंदले गेले आहेत. तिथली माणसं आणि त्यांची कुत्री त्यातही राहतात, पण ती सावलीच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. पत्र्याच्या गाडीतल्या माझ्या कुत्रीला मी त्यात ठेवणार नव्हते.

मार्च ते मे या काळात कधीतरी इंदिरा गांधी कालव्याची नहरबंदी असते. दुरुस्तीसाठी पाणी बंद, नळ कोरडे. मग वर्षभर दुर्लक्षित राहिलेल्या टांक्यांची झाकणं उघडतात. म्हणून नहरबंदीच्या आधी दुरुस्तीचा अंदाज तयार हवा, अशी एका गावाची घाई होती. कट्टा, झाकण, आतला गिलावा आणि खेळी, असा मी खर्च मांडला. पैसे देणाऱ्यांकडून निरोप आला की रक्कम पिण्याच्या पाण्यासाठी आहे, खेळी वगळा. गावकरी म्हणाले, गिलावा आम्ही अंगमेहनतीने करू, तो खर्च काढा, पण खेळी राहू द्या; ती फुटकी असेल तर टांक्याचं पाणी काढायचं तरी कुठल्या तोंडाने? खालच्या कुंडीचा छेद त्यांना दाखवला. एकाने त्यावर बोट ठेवून सांगितलं की हिचा काठ दोन बोटं खाली घ्या, कोल्ह्याच्या पिल्लांना पुरत नाही. मी तो आकडा खोडून नवा लिहिला आणि नकाशावर सही केली.